आमच्या घरी 'समजा' म्हणत नाहीत

प्रश्न माशांचा होता आणि तो मी चुकले, याचा राग मला अजून आहे.

'या दुकानात फक्त ताजे मासे मिळतात, म्हणून इथले मासे महाग आहेत.' हे विधान. खाली चार पर्याय, आणि विचारलेलं काय, तर हे बोलणाऱ्याने मनात काय धरून ठेवलंय, म्हणजे गृहीतक कोणतं. उत्तर होतं, ताजे मासे शिळ्या माशांपेक्षा महाग असतात. मी खूण केली ती 'यापैकी काहीही नाही'वर. कारण मी लहानपणापासून आईबरोबर वरळी कोळीवाड्यात जाते. सकाळी होडी लागते तिथे जाऊन उभं राहिलं की ताजा फडफडीत बांगडा स्वस्तात मिळतो. तोच बांगडा संध्याकाळी बाजारात डोळे पांढरे करून पडला की महाग. हे मला माहीत आहे. प्रश्न लिहिणाऱ्याला माहीत नाही. मग चूक कोणाची?

चूक माझी, असं उत्तरसूची म्हणत होती. आणि असे मासे त्या वर्षी मी बरेच चुकले.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सांगते तेव्हा मिरवते असं लोकांना वाटतं. मिरवतेच. परळच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं आणि गिरगावात एका वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो. चार वर्षं दुसऱ्यांची सत्यप्रतिज्ञापत्रं टाइप केली. 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' हे वाक्य माझी बोटं झोपेतही मारतील. चौथ्या वर्षी वाटलं, दुसऱ्याने सांगितलेलं किती दिवस टाइप करायचं? आपण सांगावं, दुसऱ्याने टाइप करावं. पदवीनंतर तीन वर्षांचं लॉ करता येतं. त्याला प्रवेश परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत तर्काचे प्रश्न असतात. कायदा, सामान्यज्ञान, इंग्रजी, हे सगळं मी पाठ करून, घोकून, रेटून नेलं. तर्क घोकता येत नाही. पहिल्या वर्षी मला तिथेच मार बसला.

मला कुठलंही कॉलेज चालणार नव्हतं. नोकरी सोडता येत नव्हती, म्हणून सकाळचे वर्ग हवे होते, आणि माझ्या आवाक्यातलं सकाळचं कॉलेज एकच होतं. तिथे गर्दी. मॅडमनी मात्र एक मोठी गोष्ट कबूल केली होती. सकाळचं कॉलेज मिळालं तर मी दुपारी बारापर्यंत ऑफिसात यायचं, तोवर टेबल त्यांच्या हाताखालची ज्युनिअर वकील सांभाळेल. पण ज्युनिअर पुढच्या वर्षी स्वतःचं ऑफिस काढणार होती. "मग सकाळी मला माणूस लागेलच," मॅडम म्हणाल्या. "यंदा बघ. पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही." म्हणजे दुसरी खेप हीच शेवटची. जमलं तर यंदा, नाहीतर मी टाइप करतच राहणार.

बाबांना हे सांगितलं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी अख्ख्या चाळीत सांगून टाकलं, "आमची बाय यंदा वकिलीला लागतेय." बाबा माझगावला गोदीत कंत्राटावर फिटर आहेत, नववीतून शाळा सुटलेली. आनंद पोटात ठेवायची त्यांना सवय नाही.

तेव्हापासून माझा पाय हलायला लागला.

बसले की उजवा पाय हलतो. आधी गुडघा, मग पाट, मग मांडीवरची वही. आई पोळ्या लाटता लाटता न बघता म्हणायची, "पाय हलवू नको गो, लक्ष्मी जाता." मी पाय आवरायचे. दोन प्रश्न झाले की परत. मग मी उठून गॅलरीत जायचे. आमच्या दारापासून जिन्यापर्यंत बावीस पावलं. जायचे आणि यायचे, हातात वही. चाळीत माणूस नुसतं चाललं तरी लोक विचारतात. "काय गो, डॉक्टरने सांगितलंय का चालायला?" शेजारची काकू. मी म्हणायचे, "हो." खरं सांगायला वेळ लागला असता.

ऑफिसातल्या ज्युनिअरला विचारायला मला कमीपणा वाटायचा. ती दादरची, घरात तिच्या आधीचे दोन वकील, मराठी अगदी स्वच्छ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. ती एकदाही माझ्याशी वाईट वागली नाही, आणि त्याचाच मला त्रास व्हायचा. पण माशांचा प्रश्न गिळवेना. एका दुपारी डबा खाताना मी वही तिच्यासमोर टाकली.

"हे बघ. हा प्रश्नच चुकीचा आहे."

तिने वाचलं. घास संपवला. "प्रश्न बरोबर आहे. तू वाद घालतेयस."

"मग वकिलाने काय करायचं असतं?"

"वकिलाने समोरचा काय म्हणतोय ते आधी ऐकायचं असतं," ती म्हणाली. "प्रश्नाने तुला बाजारभाव विचारलाय का? तो माणूस जे म्हणाला ते उभं राहायला खाली कुठला खांब लागतो, एवढंच विचारलंय. तो खांब कुजका असला तरी तोच खांब."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला. पण त्या दिवसापासून मी एक चुकांची वही केली. बरोबर आलेल्या प्रश्नांकडे ढुंकून बघायचं नाही. चुकलेला प्रश्न उतरवून काढायचा, आणि खाली एका वाक्यात आपण का चुकलो ते लिहायचं. 'घाई झाली' असं लिहायची ज्युनिअरने बंदी केली. "घाई हे कारण नाही, ती सबब आहे. घाईत तू नेमकं काय वाचलं नाहीस ते लिही." मग मी लिहायला लागले. 'फक्त हा शब्द गाळला.' 'मला माहीत असलेलं घुसडलं.' 'काही म्हणजे सगळे धरलं.' 'त्या माणसाचा राग आला म्हणून त्याच्याविरुद्धचा पर्याय निवडला.' हे शेवटचं सात वेळा निघालं. वाचताना माझंच मला हसू आलं.

महिन्याभरात तीसपैकी अकरावरून मी सोळावर आले. आणि तिथे अडकले. तीन आठवडे सोळा. कधी पंधरा. वहीत बघितलं तर बाकीच्या चुका कमी झाल्या होत्या, गृहीतकाच्या तशाच उभ्या. चार पर्यायांतले दोन सरळ बाद व्हायचे, उरलेल्या दोघांत मी नेमका चुकीचा उचलायचे.

"दोन उरले की उलट करून बघ," ज्युनिअर म्हणाली. मॅडम कोर्टात गेल्या होत्या, आम्ही दोघी फाइलींना दोरे बांधत होतो. "पर्यायाला 'नाही' लाव. मग मूळचं बोलणं पडतं का बघ. पडलं तर तो खांब. नाही पडलं तर ती नुसती शोभा."

"म्हणजे कसं?"

"हे घे. फेरीवाल्यांना पदपथावर बंदी केली, म्हणून आता पदपथ मोकळे होतील. पर्याय एक, लोकांना मोकळ्या पदपथावर चालायला आवडतं. लाव नाही."

"लोकांना आवडत नाही."

"तरी पदपथ मोकळे होऊ शकतात?"

"होऊ शकतात."

"शोभा. पर्याय दोन, फेरीवाले बंदी पाळतील. लाव नाही."

मी हसले. "ते लावायला कशाला पाहिजे, लालबागला येऊन बघ."

"परत बाजारभाव! लाव नाही."

"पाळणार नाहीत. मग पदपथ मोकळे होणार नाहीत. पडलं."

"झालं तर," ती म्हणाली आणि दोऱ्याला गाठ मारली.

इतकं सोपं. आणि मला ते जमेना. ऑफिसात जमायचं, घरी बसले की जमायचं नाही. पर्यायाला 'नाही' लावायला गेले की जीभ अडायची, पेन अडायचं, आणि मी ते मनातल्या मनात अर्धवट करून पुढे सरकायचे. का ते मला काही दिवस कळलंच नाही. मग एका संध्याकाळी आईनेच ते दाखवून दिलं.

आमच्या घरात वाईट बोलायचं नाही. हे तुमच्याही घरात असेल. पण आमच्याकडे ते भिंतीत चिणलेलं आहे. वास्तू तथास्तु म्हणते. घरात कोणी काहीही बोललं की वास्तू ऐकत असते आणि 'तसंच होवो' म्हणून टाकते. म्हणून आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. घरातून निघताना कोणी जाते म्हणत नाही, येते म्हणायचं. जे घडलंय त्याच्या बरोबर उलटा शब्द. सव्वीस वर्षं मी अशी भाषा बोलत आले होते आणि आता एक कागद मला सांगत होता, जे लिहिलंय तेच वाच, आणि मग त्याचं वाईटात वाईट उलटं करून मोठ्याने म्हण.

त्या संध्याकाळी आईने दिवा लावला होता. मी पाटावर. प्रश्न कसला तरी प्रवासी कंपनीचा होता. कंपनीने अनुभवी चालक नेमले आहेत, म्हणून सगळे प्रवासी सुखरूप पोचतील. उरलेला पर्याय, चालक अनुभवी असला की प्रवासी सुखरूप पोचतात. मी ठरवलं होतं, आज तोंडाने बोलायचं. डोळे मिटून म्हटलं, "समजा, प्रवासी सुखरूप पोचत नाहीत."

आई लाटणं घेऊनच बाहेर आली.

"काय बोललंस?"

"प्रश्न आहे आई."

"दिव्याच्या वेळेक? आणि तुझो मामा गाडीत बसलोहा, ता इसारलंस?"

मी खरंच विसरले होते. मामा सकाळी गावाहून निघाला होता, आठपर्यंत पोचायचा होता. आईने मामाला फोन लावला. लागला नाही. परत लावला. बंद. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी कोणाला सांगू शकत नाही. मी म्हटलं, "आई, माझ्या बोलण्याने गाडीला काय होणार?" ती म्हणाली, "होणार नाय, तर बोलतस कित्याक?"

मी वही मिटली.

साडेआठ वाजले. मी गॅलरीत बावीस पावलं जात होते आणि येत होते. वकील व्हायला निघालेली बाई, पदवीधर, आणि मनात एकच, आपण डोळे मिटून म्हटलं, ते बरं नाही केलं. पावणेनऊला मामा जिना चढून आला. हातात फणस, तोंडात तंबाखू. फोनची बॅटरी संपली होती. आई त्याला आत न घेताच म्हणाली, "मी देवाजवळ साखर ठेवली, म्हणून इलस."

मी तोंड उघडलं. तर्काच्या पुस्तकात याला नाव आहे. आधी एक घडलं, मग दुसरं घडलं, म्हणून पहिल्यामुळे दुसरं घडलं असं म्हणता येत नाही. चांगली दोन पानं आहेत त्यावर. पण आईने साखरेची वाटी माझ्यापुढे धरली आणि मी साखर खाल्ली.

घरात उलटं करणं त्यानंतर बंद. मी वही घेऊन दादरला एका अभ्यासिकेत जाऊ लागले, ऑफिस सुटल्यावर तासभर. तिथे बोलता येत नाही, म्हणून उठून जिन्याच्या वळणावर जायचं आणि भिंतीला सांगायचं. पाऊस पडणार नाही. औषध गुण देणार नाही. कामगार कामावर परत येणार नाहीत. आजारी माणूस बरा होणार नाही. तिथे अभ्यास करणारी मुलं बाजूने जाताना कुजबुजायची. "मॅडम, सगळं ठीक ना?" एकाने विचारलंसुद्धा. मला कोणी मॅडम म्हटल्याची ती पहिलीच वेळ. अठरा आले. मग वीस.

पण 'सगळे'चं उलट मला शेवटपर्यंत छळत होतं.

"सगळे आले. उलट?" ज्युनिअर विचारायची.

"कोणीच आलं नाही."

"नाही. एक जण घरी राहिला, झालं उलट."

हे डोक्यात शिरायचं आणि निसटायचं. मग एका रविवारी चाळीच्या पुनर्विकासाची सभा झाली. सभा म्हणजे चौकात खुर्च्या. दर वेळी सेक्रेटरी उभे राहतात आणि म्हणतात, "चाळीतले सगळे तयार आहेत." आणि दर वेळी दुसऱ्या मजल्यावरचे एक काका गॅलरीतून ओरडतात, "मी नाय!" लोक हसतात, शिव्या घालतात, सभा उठते. त्या दिवशीही तसंच झालं. मी एकटीच हसले नाही. मी वर त्या काकांकडे बघत राहिले. हे आहे 'सगळे'चं उलट. लेंगा घालून उभं आहे. एकच माणूस पुरतो. त्यानंतर तो प्रश्न मी कधी चुकले नाही. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे मी बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "तुम्ही बरोबर आहात असं नाही, ते चूक आहेत." त्यांना ते आवडलं नाही.

परीक्षेला दहा दिवस राहिले आणि मी बिघडले. बावीसवरून अठरा. मग सतरा. चुकांच्या वहीत लिहायला कारण सापडेना. प्रश्न वाचताना मध्येच सकाळचं कॉलेज यायचं, मॅडमचं 'यंदा बघ' यायचं, गॅलरीतल्या काकूचं "मग वकीलीणबाई" यायचं. ऑफिसात एका सत्यप्रतिज्ञापत्रात मी अशिलाच्या बापाच्या जागी सासऱ्याचं नाव टाइप केलं. मॅडमनी कागद परत पाठवला.

त्या संध्याकाळी अभ्यासिकेत न जाता मी सरळ घरी आले. पाटावर बसले. वहीच्या कोऱ्या पानावर, प्रश्नासारखं, वर लिहिलं. 'तिने वर्षभर अभ्यास केला आहे, म्हणून तिला प्रवेश मिळेल.' खाली लिहिलं, गृहीतक काय? आणि पाय असा हलायला लागला की पाटाखालची फरशी वाजत होती.

आई ताटं मांडत होती. बाबा नुकतेच आंघोळ करून आलेले, बनियनवर. मी जेवायला बसले आणि म्हणून टाकलं.

"समजा, मला नाही मिळालं."

आईच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. "जेवताना?"

"कधीही म्हटलं तरी तू 'आत्ता?' असंच म्हणणार."

"वायट बोलू नको गो. मिळताला. मी नवस बोललंय."

"आई, समजा म्हटलंय मी. समजा नाही मिळालं, तर काय करायचं आपण? कोणी बोललंय का घरात? बाबांनी अख्ख्या चाळीला सांगून ठेवलंय. ते पुढे काय सांगणार?"

मला रडू येत होतं आणि मी रडणार नव्हते. आई बाबांकडे बघायला लागली. तिला वाटलं ते ओरडतील. मलाही वाटलं.

बाबांनी घास खाली ठेवला. "आमच्या बापाला कोणी असं म्हणायला हवं होतं," ते म्हणाले.

गिरणी बंद झाली तेव्हा बाबा शाळेत होते, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापुढचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. आजोबा साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, होते. गिरणीला कुलूप लागल्यावरसुद्धा रोज सकाळी डबा घेऊन गेटपर्यंत जायचे, दुपारी डबा गेटवरच खाऊन परत यायचे. गिरणी उघडणार, हे घरात ठरलेलं होतं. गोदीतला एक ओळखीचा माणूस आला, म्हणाला, जागा आहे, ये. आजोबा म्हणाले, आज गोदीत गेलो आणि उद्या गिरणी उघडली तर? उलट कोणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती.

"मी एकदा बोललो," बाबा म्हणाले. "तेरा-चौदाचा असेन. समजा उघडलीच नाही तर, एवढंच. आजीने तोंडावर हात मारला माझ्या. वास्तू ऐकते म्हणाली." ते जरा हसले. "दोन दिवाळ्या गेल्या तशा. तोवर गोदीतली जागा भरली. आणि मी नववीतनं गॅरेजला. शेवटी गोदीतच गेलो ना, पण कंत्राटावर."

आईने आमटी वाढली.

"तर बोल," बाबा म्हणाले. "नाही मिळालं. पुढे?"

आणि माझ्याकडे पुढे काही नव्हतं. वर्षभर मी जगातल्या सगळ्या पर्यायांना 'नाही' लावलं होतं, या एकाला सोडून. मी अडखळत म्हटलं, मॅडमकडे टायपिंग चालू ठेवीन. कोर्टातल्या कारकुनाच्या जागा निघतात, त्या भरीन. पुढे कोणी नवी ज्युनिअर आली तर दोन वर्षांनी परत विचारीन, मॅडम काही मरत नाहीत. आई म्हणाली, "अगो!" मी म्हटलं, "शंभर वर्षं जगतील." बाबा म्हणाले, "बरं. हे झालं की. उपाशी तर नाही मरत."

"आणि चाळीत?"

"चाळीत मी बोललोय ना? ते मी निस्तरीन. तू नको घेऊ डोक्यावर." मग ते आमटीचा भुरका मारत म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरचा तर खूश होईल. त्याला 'नाय' ऐकायला आवडतं."

पाय त्या रात्रीही हलतच होता. पण आईने हटकलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेत तेवीस आले. एक गोष्ट आधी झाली आणि दुसरी नंतर, म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं मी म्हणणार नाही. दोन पानं वाचलीत मी.

परीक्षा संगणकावर, घरापासून लांब एका केंद्रावर होती. तर्काच्या भागात नववा की दहावा प्रश्न आला, सगळे सभासद ठरावाच्या बाजूने आहेत, म्हणून ठराव एकमताने होईल, वगैरे. मला लेंगा दिसला. खूण केली, पुढे गेले. एक प्रश्न मात्र दोन पर्यायांत तसाच राहिला. दोन्हींना 'नाही' लावून पाहिलं, दोन्हींनी मूळचं पडतंय असं वाटलं. वेळ संपत आला होता. शेवटी एक निवडला. तो बरोबर होता की चूक, ते मला आजही माहीत नाही आणि आजही कधीकधी बसमध्ये बसल्या बसल्या मी तो प्रश्न पुन्हा सोडवते.

मग वाट बघणं आलं. मार्क कळले, पण मार्कांवरून कॉलेज कळत नाही. याद्या लागतात. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. ऑफिसात मी उभ्याने टाइप करू लागले. बसवत नव्हतं. ज्युनिअर म्हणाली, "पडशील." मॅडम म्हणाल्या, "करू दे, स्पीड वाढलाय तिचा." घरी बावीस पावलं. बाबांनी चाळीत सांगितलं, "पहिल्या यादीत नाही आलं. दुसरी आहे अजून. नाही आलं तर नाही." मी जिन्यात उभी राहून ऐकलं. त्यांचा आवाज तसाच होता, आधी मोठ्याने सांगितलं होतं तसाच.

दुसऱ्या यादीच्या आदल्या दिवशी मी पाटावर बसले होते, समोर काही नव्हतं, नुसतीच बसले होते. आई भाजी निवडत होती. एकदम म्हणाली, "समजा."

मी वर बघितलं. तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"समजा मिळाला. तर सकाळचो डबो किती वाजता लागात?"

"साडेसहाला निघायला लागेल."

"साडेसहा." तिने मनात हिशेब लावला, पाणी किती वाजता येतं, गॅस कधी मोकळा होतो. "म्हणजे पाचाक उठूक व्हया. बरा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर्षभर वायट वायट समजा करीत बसलंस. वास्तू काय फक्त वायटच ऐकता?"

मला याच्यात चूक शोधायची होती. खूप शोधली. सापडली नाही.

दुसऱ्या यादीत नाव होतं. तळापासून चौथं. बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून नाव तीनदा वाचलं आणि तसेच गॅलरीत गेले, आणि मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी आधी दुसऱ्या मजल्याकडे मान वर केली. "ओ, झालं हो!" वरून काका म्हणाले, "काय झालं?" "आमच्या बायचं." "मग माझी काय हरकत नाय," काका म्हणाले. चाळीच्या इतिहासात त्यांनी असं पहिल्यांदाच म्हटलं असावं.

पहिल्या दिवशी साडेसहाला डबा तयार होता, गरम, हाताला चटका बसेल इतका. मी घाईत होते. पायात चप्पल एक माझी, एक आईची, ती बदलली. पिशवी खांद्यावर, "चल, जाते" म्हटलं आणि निघाले. अकरा पावलं गेले असेन. मागून अख्ख्या चाळीला जाग येईल अशी हाक.

"काय म्हटलंस?"

बसची वेळ होत होती. खाली उतरून, चौक ओलांडून, स्टॉपपर्यंत पाच मिनिटं. मी जिन्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

मी अकरा पावलं परत आले.

"येते," म्हटलं.

"हां. ये," आई म्हणाली, आणि मी धावले.